कॅरिअरचा प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी आमच्या घरात कॅरिअरवरून वाद झाला. करिअरवरून नव्हे हं! तो वाद मी मास कॉमला अ‍ॅडमिशन घेतली त्याच वर्षी होऊन गेला, आणि मी फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून आईने त्या विषयावर मौनव्रत घेतलंय. हा वाद सायकलच्या कॅरिअरचा. मागच्या चाकावर सामान ठेवायचा असतो ना, तो.

“काढता येणारा घेणार आहे,” मी जाहीर केलं.

“अगं, पण काढायचा कशाला?” आईचा प्रश्न.

आता या प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं होती. दोन खरी आणि एक त्याहून खरं. पण त्याआधी कॅरिअर हवाच कशाला, ते सांगते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पुण्याला सायकलचा साक्षात्कार झाला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या सायकली पुढे दोनेक वर्षांत बाल्कनीतून थेट ‘विकणे आहे’मध्ये आल्या. माझी त्यातलीच. करड्या रंगाची हायब्रीड, अल्युमिनियमची फ्रेम, जेमतेम वापरलेली. आठवड्यातले तीन दिवस मी एका क्लायंटच्या ऑफिसात बसून काम करते. कर्वेनगरहून निघायचं, कर्वे रोड, नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड, आणि मग सेनापती बापट रस्त्याचा तो चढ, जो दुचाकीवर असताना कधी चढ वाटलाच नव्हता. (सायकल ट्रॅकबद्दल विचारू नका. जिथे आहे तिथे त्यावर सायकल सोडून सगळं असतं.) ट्रॅफिकमध्ये स्कूटर जेवढा वेळ घेते, त्यापेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागतात. सौदा वाईट नव्हता.

वाईट होती ती सॅक. ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या पाठीवर सॅकच्या आकाराचा घामाचा नकाशा उमटलेला असायचा. दोन पट्टे आणि मध्ये मोठा चौकोन. एकदा पोचल्या पोचल्या मीटिंग निघाली, तर मी पूर्ण पाऊण तास भिंतीला पाठ लावून उभी होते. सगळ्यांना वाटलं, पोरगी फार नम्र आहे. खुर्ची घेत नाही!

मग मान दुखायला लागली. उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत एक तार ओढल्यासारखी. फिजिओथेरपिस्टने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सायकल सोडू नका, सॅक सोडा.” तीनशे रुपयांत मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला.

तुम्हीही या वाटेने जाणार असाल, तर एक काम आधी करा. बॅगेचं वजन करा. अंदाज नको, वजन करा. मी आमच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर केलं. लॅपटॉप आणि चार्जर २ किलो २०० ग्रॅम. डबा ९००. भरलेली पाण्याची बाटली १ किलो १००. साखळीचं कुलूप १ किलो ३००. बदलायचे कपडे ६००, रेनकोट ५००, आणि डायरी-पॉवर बँक-किडूकमिडूक ४००. बरोब्बर सात किलो! मी छातीठोकपणे ‘तीन असेल’ म्हणत होते. रद्दीवाले काका म्हणाले, “ताई, पेपर असते तर ऐंशी-नव्वद रुपये दिले असते.”

तर कॅरिअर हवा, हे ठरलं. आता काढता येणारा का?

एक, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खाली पार्किंगमधून दोन सायकली गेल्यापासून मी माझी सायकल तिसऱ्या मजल्यावर पॅसेजमध्ये ठेवते. जिना अरुंद. वळणावर सायकल आधीच शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटाला घासते, त्यात मागे एक फुटाचं शेपूट कुठे वाढवू? दोन, रविवार. रविवारी पहाटे आमचा ग्रुप खडकवासल्याला जातो, कधी सिंहगडाच्या घाटात. तिथे वजनाचा प्रत्येक ग्रॅम मांड्यांना कळतो.

आणि तीन. तीन नंबरचं उत्तर मी आईसमोर बोलून गेले. “अगं, कायमचा कॅरिअर लावला की दूधवाल्याची सायकल दिसते ती!”

आई भाजी निवडत होती. निवडत राहिली.

माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी लहान असताना आईकडे काळी लेडीज सायकल होती, आणि तिला होता तसलाच कॅरिअर. लोखंडी पट्ट्यांचा, वर स्प्रिंगचा चाप, दोन्ही पाय थेट मागच्या चाकाच्या नटात आवळलेले. त्यावर जुनी उशी बांधून मी शाळेत गेले आहे, “पाय लांब धर, तारांत जाईल,” हे रोज ऐकत. मला सोडलं की त्याच कॅरिअरवर साड्यांचं गाठोडं चढायचं. आई फॉल-पिकोचं काम करायची. लक्ष्मी रोडच्या एका दुकानातून साड्या आणायच्या, घरी फॉल लावायचे, परत नेऊन द्यायच्या. सोमवारी आणि गुरुवारी. कर्वेनगर ते लक्ष्मी रोड आणि परत. माझ्या दहावीपर्यंत त्या कॅरिअरवर आमचं घर चाललं, असं म्हटलं तरी चालेल. पण हे सगळं मला त्या दिवशी अजिबात आठवलं नाही. मी मोबाईलवर कॅरिअर बघत होते.

आणि काय एकेक प्रकार दिसले! आपल्याला वाटतं कॅरिअर म्हणजे कॅरिअर. तसं नाही. मुळात प्रश्न एवढाच असतो की वजन शेवटी जातं कुठे.

नेहमीच्या कॅरिअरला पाय असतात. ते खाली चाकाच्या एक्सलजवळ फ्रेमला असलेल्या दोन भोकांत बोल्टने बसतात, आणि पुढचे दोन दांडे सीटखाली फ्रेमला. म्हणजे हे टेबल झालं. वजन वर ठेवलं की पायांतून खाली उतरतं. चांगल्या कॅरिअरच्या पट्टीवर जास्तीत जास्त किती किलो ते कोरलेलं असतं, पुष्कळदा २५, आणि शेजारी आयएसओ ११२४३ हा आकडा. ते सायकल-कॅरिअरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक.

चटकन काढता येणारा जो सर्रास मिळतो, तो मात्र सीटच्या दांड्याला, म्हणजे सीट पोस्टला, चिमट्यासारखा पकडतो. क्विक रिलीजची एक खटकी ओढली की निघाला. पाय वगैरे काही नाही, मागे नुसता हवेत. हे टेबल नव्हे, ही भिंतीला एकाच जागी ठोकलेली फळी. त्यामुळे याची मर्यादा साधारण ९-१० किलोच्या आसपास असते, काहींची त्याहूनही कमी. कार्बनच्या सीट पोस्टवर तर तो लावायचाच नाही, पकडीने पोस्टला चीर जाऊ शकते.

तिसरा प्रकार पट्ट्यांचा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी फ्रेमच्या ज्या नळ्या खाली उतरतात, त्यांना पट्ट्यांनी करकचून बांधायचा. फ्रेमला भोकं नसली तरी चालतं आणि वजनही बऱ्यापैकी पेलतो. थूलेसारख्या परदेशी कंपन्यांनी असले कॅरिअर काढले. जर्मनीच्या ऑर्टलीबचा तर पायांसकट पटकन निघणारा कॅरिअर आहे. दोन्ही बघून जीव हरखला. किमती बघून जागेवर आला.

मग काय, मी फळी घेतली. ऑनलाइन, १,६५० रुपयांना. डब्यावर लिहिलं होतं, कमाल ९ किलो. माझी बॅग ७. गणितात पास!

लावताना पहिली अडचण आली ती माझ्या उंचीची. मी पाच फूट एक इंच. माझी सीट खाली, म्हणजे फ्रेमच्या बाहेर सीट पोस्ट दिसतो तोच मुळी चार बोटं. त्यात कॅरिअरची पकड कशीबशी मावली आणि मागच्या लाल दिव्याला जागाच उरली नाही. तो मी बॅगेच्या बंदाला लटकवला. उंच लोकांना हा प्रश्न येत नाही, त्यामुळे कुठल्याही रिव्ह्यूमध्ये तो लिहिलेला नसतो. दुसरी अडचण पोस्टच्या जाडीची. सीट पोस्ट वेगवेगळ्या मापांचे येतात, २७.२ मिलिमीटर, ३०.९, ३१.६. पातळ पोस्टवर पकड घट्ट बसावी म्हणून सोबत रबराच्या पट्ट्या देतात. माझा २७.२ चा. कुठली पट्टी लावायची ते माहितीपत्रकात होतं. मी वाचलं नाही. जाड दिसली ती लावली.

पहिले सहा दिवस स्वर्ग! पाठ कोरडी, मान मोकळी. ऑफिसात पोचल्यावर खटकी ओढायची, कॅरिअर बॅगेसकट हातात. रिसेप्शनच्या मुलीने दोनदा विचारलं, “हे काय आहे नक्की?” चढावर उभं राहून पेडल मारलं की बॅग मागे डावी-उजवी व्हायची, कुत्र्याने शेपूट हलवल्यासारखी. मला ते गोड वाटलं होतं.

जुलैतला गुरुवार. लॉ कॉलेज रोड, बारीक पाऊस, आणि गतिरोधक. रोज त्यावरून जाते मी. त्या दिवशी मागे ‘कट्’ असा आवाज आला आणि सायकल एकदम जड झाली. कॅरिअर पोस्टभोवती एका बाजूला फिरला होता. बॅग कलली, तिला बांधलेल्या लवचिक दोरीचा हूक सुटला आणि तो चाकाच्या तारांत गेला. चाक जाम. मी डाव्या कुशीवर, बॅग माझ्याआधी. मागून बस येत नव्हती, एवढंच. एका रिक्षावाल्या काकांनी रिक्षा आडवी घालून ट्रॅफिक थांबवलं, मला उठवलं आणि मग पुणेरी पद्धतीने विचारलं, “एवढं सामान घेऊन सायकलवर कशाला येता?”

कोपर सोलवटलं, ते आठवड्यात बरं झालं. लॅपटॉपची बिजागरी तुटली आणि स्क्रीन काळी ती काळीच. त्या संध्याकाळी एक लेख द्यायचा होता. अठराशे शब्द मी मोबाईलवर अंगठ्यांनी टाइप केले. त्या लेखाचे मला मिळणार होते चार हजार. स्क्रीनचे गेले आठ हजार दोनशे. फ्रीलान्सरच्या महिन्यात असा एक गुरुवार पुरतो. गॅसचा हप्ता नाही, भाडं नाही, पण मग दातांचं जे काम करायचं होतं ते दिवाळीनंतर, असं सगळं एकेक घर पुढे सरकतं.

दोष कुणाचा? निम्म्याहून जास्त माझा. चुकीची पट्टी. पोस्टवरचं ग्रीस न पुसता पकड आवळली, तेही ओल्या हवेत. आणि मुख्य म्हणजे नऊ किलोत सात बसतात हे गणित सायकल उभी असताना खरं. गतिरोधकावरून दाणकन उतरताना तीच सात किलो पकडीला भलतीच जड होतात, आणि सगळी ताकद त्या एका चिमट्यावर. हूकवाली लवचिक दोरी हा तर वेगळाच गुन्हा. चाकाजवळ मोकळा हूक नको म्हणजे नको. हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

घरी आले तर आईने आधी कोपर बघितलं, मग बॅग बघितली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि माळ्यावरच्या डब्यातून काहीतरी घेऊन आली. काळी रबरी पट्टी, दोन बोटं रुंद. जुन्या सायकलच्या ट्यूबची, उभी कापलेली.

“याने बांधायचं. हूक नाही, काही नाही. ओढून दोन वेढे आणि खाली खोचायचं. हे सुटत नाही.”

“तुला काय माहीत सुटत नाही?”

“एकदा सुतळीने बांधलं होतं,” आई म्हणाली. “तेव्हा सुटलं.”

आणि मग तिने जे सांगितलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिसरीत होते म्हणे. असाच जुलै. डेक्कनजवळ खड्ड्यात चाक गेलं, गाठोडं सटकलं, अकरा साड्या रस्त्यावरच्या पाण्यात. आठ धुऊन निघाल्या. तीन नाही निघाल्या, त्यातली एक सिल्कची, गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नातली. दुकानदाराने आवाज चढवला नाही. फक्त पैसे कापत राहिला. चार महिने.

“बाबांना सांगितलं होतंस?”

“नंतर. फेडून झाल्यावर.”

तिसरीत आमची सहल होती, प्रतापगडला. मी गेले नव्हते. आईने सांगितलं होतं, हवा पावसाळी आहे, तुला सर्दी होते. सहल डिसेंबरात होती. तिसरीतल्या मुलीला डिसेंबरातल्या पावसाळी हवेत काही वावगं वाटत नाही.

मी ट्यूबची पट्टी हातात घेऊन बसले. “मी ते दूधवाल्याचं म्हटलं ना...” असं काहीतरी सुरू केलं.

“दूधवाल्याचं कधी काही पडलं नाही,” आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

रविवारी आम्ही दोघी नाना पेठेत. खडकवासला गेला खड्ड्यात. मी आईला नको म्हणत होते, तिचे गुडघे दुखतात हल्ली, पण ती साडी बदलून तयारच होती. दुकानातले काका साधारण तिच्याच वयाचे. आईने कॅरिअर हातात घेतला, उलटा केला, पायांची वेल्डिंग बघितली आणि मग काउंटरवर ठेवून त्यावर तळहाताने सगळं वजन टाकलं.

“माणूस बसेल का यावर?”

“माणूस नाही काकू. पंचवीस किलो.”

“मग हिची बॅग बसेल,” आई म्हणाली. “सायकल बघा.”

काकांनी सायकल बघितली आणि पहिलाच अपशकुन केला. माझ्या फ्रेमला खाली एक्सलजवळ भोकं आहेत, वर नाहीत. म्हणजे कॅरिअरचे पाय बसणार, पुढचे दांडे लोंबकळणार. मला वाटलं, झालं, परत फळी. पण त्यांनी खणातून एक कडं काढलं. सीट पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो, तिथे तो आवळायला एक कडं असतंच. त्याच्याऐवजी हे दुसरं बसवायचं. याला मागच्या बाजूला दोन आटे पाडलेले, कॅरिअरचे दांडे त्यात. साडेतीनशे रुपये! तीन आठवडे मी इंटरनेट पालथं घातलं होतं आणि हे कडं मला कुठे दिसलं नव्हतं. अर्थात, मी शोधत भलतंच होते.

डिस्क ब्रेकवाल्यांनी मात्र आधी विचारून घ्या. मागच्या ब्रेकचं धूड नेमकं कॅरिअरच्या पायाच्या जागी येतं. त्यासाठी बाहेर वाकवलेल्या पायांचा वेगळा कॅरिअर मिळतो. माझे साधे व्ही-ब्रेक, मला त्रास नव्हता.

“याला काढता येतं का?” मी हळूच विचारलं. सवय जात नाही.

काकांनी खिशातून ४ मिलिमीटरची एलन की काढून माझ्या हातात दिली. “चार बोल्ट. दहा मिनिटं. रोज काढाल?”

“नाही.”

“मग निघतो की!”

खरं सांगायचं तर एवढ्या साध्या गोष्टीवर मी अडले होते. रोज काढायला हवी होती ती बॅग. कॅरिअर नव्हे. बॅगेसाठी मग मी बाजूला अडकवायची पॅनिअर घेतली, मागे दोन पक्के हूक, वर हँडल. हे हूक कॅरिअरच्या नळीवर खटका पडून बसतात, ते त्या दोरीच्या हूकसारखे मोकळे नसतात. ऑफिसात पोचले की हँडल धरून उचलायची, खांद्याला लावायची. आत तळाला जाड फोमचा तुकडा ठेवलाय, कारण दणका खालून येतो. वजन चाकाच्या बाजूला खाली उतरल्यामुळे सायकल डुलत नाही. फक्त पेडल मारताना टाच बॅगेला लागत नाही ना, ते बघून घ्यायचं. माझा पाय ३६ नंबरचा, मला प्रश्न आला नाही. दहा नंबरच्या बुटवाल्यांनी दुकानातच चक्कर मारून बघावी. आणि सायकल स्टँडवर लावताना बॅग आधी उतरवा, नाहीतर सायकल हळूच फिरते आणि शेजारच्या बाइकच्या मिठीत पडते. दोनदा झालंय.

कॅरिअर, कडं, पॅनिअर, सगळं मिळून तीन हजार तीनशे. फळीचे १,६५० आणि स्क्रीनचे ८,२०० धरले तर... नको, धरत नाही.

जिन्याचं काय झालं? गंमत म्हणजे जिना सोपा झाला. आधी मी सायकल खांद्यावर घेऊन चढायचे. आता एक हात पुढे फ्रेमला, एक हात मागे कॅरिअरला. धरायला जागा मिळाली! चपलांच्या कपाटाला घासते अजून, पण ती आधीही घासतच होती.

आणि रविवार. पहिल्या रविवारी मी इमानदारीत पहाटे साडेचारला चार बोल्ट काढले. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी झोप जास्त लागली आणि कॅरिअरसकट गेले. सिंहगडाच्या पायथ्याशी तिघांनी आपापली जॅकेटं माझ्याकडे दिली, एकाने केळी. “असू दे ना, तुझ्याकडे कॅरिअर आहे.” त्यानंतर काढलेला नाही. घाटात मी आधीही शेवटच यायचे.

फळी मी ग्रुपमधल्या एका मित्राला दिली. तो सहा फुटी, त्याचा सीट पोस्ट वीतभर बाहेर, ऑफिसात लॅपटॉप ठेवून येतो आणि नेतो काय तर डबा आणि एक शर्ट. अडीच किलो. त्याला बरोबरची पट्टी लावून दिली, पोस्ट पुसून दिला. गेले कित्येक महिने छान चाललंय त्याचं. तो सगळ्यांना सांगत असतो, कॅरिअर घ्यायचा तर काढता येणाराच घ्या. त्याच्यापुरतं बरोबरच आहे की!

हां, एक राहिलं. नवा कॅरिअर लावल्यावर पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळायचे, हे काकांनी तीनदा बजावलं होतं. रस्त्याच्या थरथरीने ते थोडे बसतात आणि ढिले होतात. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, पण गरज पडली नाही. त्या शनिवारी दुपारी मी कामात होते, बाहेर पॅसेजमध्ये काहीतरी खुडबुड चालली होती. बघते तर आई छोट्या स्टुलावर बसून, चष्मा लावून, एलन की फिरवत होती. “हा डावीकडचा पाव आटा ढिला होता,” म्हणाली.

पॅनिअर आहे, दोन पक्के हूक आहेत, तरी तिच्यावरून ट्यूबच्या पट्टीचा एक वेढा असतोच. आईची अट. ऑफिसच्या दिवशी सकाळी मी जिना उतरायला लागते तेव्हा ती दारात येते.

“रबर ओढून बघितलंस?”

“बघितलं.”

“परत बघ.”